सेमिसीच्या मुलीचा परिचय

अपिया, ३ सप्टेंबर २०१८

डॉक्टर फुआतिनो हॅरिस, म्हणजे आमची तिनो हिला,

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आत्याची ईमेल आली की तुम्ही परदेशातली पोरं आधी विमानाचं तिकीट बघायला लागता, मला माहीत आहे. पण फोन केला की तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे गं" म्हणतेस. म्हणून लिहायला बसले.

शुक्रवारी मंत्रालयातली एक मुलगी घरी आली. हातात तीन कागद. म्हणाली, "मॅडम, धक्का आयोगाच्या तिन्ही सदस्यांचे परिचय आहेत. गावात वाचून दाखवायचेत, आपल्या भाषेत करून द्याल का?" मी जन्मभर कॉलेजात वाणिज्य शिकवलं ना, मग सरकारी इंग्रजीचं सामोअन करायचं काम असलं की सगळे माझं दार वाजवतात. कागद घेतले. पहिला न्यूझीलंडच्या कुणा ॲलिस्टरचा. दुसरा टोंगाच्या निवृत्त बँकवाल्याचा. तिसरा तुझा.

अगं, मला हातभर आनंद झाला आणि त्याच्या दुप्पट राग आला. बोटींचा नवा धक्का कुठे बांधायचा हे ठरवायला तू इथे येणार, आणि ते मला मंत्रालयाच्या मुलीकडून कळावं? पण राग नंतर. आधी कागदाबद्दल बोलू.

ॲलिस्टरच्या परिचयात शेवटी लिहिलंय की त्याला सायकल चालवायला आणि कुत्र्याला फिरवायला आवडतं. हे मी गावातल्या मुखियांसमोर वाचायचं? ते म्हणतील, बिचाऱ्याला कुत्र्याशिवाय कुणी नाही वाटतं. टोंगावाल्याचा परिचय बरा आहे, निदान त्यानं आपलं बेट आणि आपलं चर्च सांगितलंय.

आणि तुझा. कॅनबेरातली पदवी, लंडनमधली डॉक्टरेट, खजिन्याच्या खात्यातली नोकरी, मग ती सल्लागार कंपनी, बंदरांच्या भाड्यावरचं पुस्तक. वाचताना माझा ऊर भरून आला, खोटं नाही सांगत. पण पोरी, एवढ्या पानभर मजकुरात तू कुणाची आणि कुठली, एवढं एक वाक्य नाही. आपल्याकडे माणसाची ओळख तिथून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. तुझी तिथे सुरूच होत नाही. हॅरिस हे नाव तुझ्या आईच्या दुसऱ्या नवऱ्याचं. गाव त्यावरून काय समजणार?

आयोग फक्त दोन गावांत जाणार आहे, वाइलोतो आणि आपलं फागाउली. त्यातल्या एका गावची तू मुलगी आहेस. अपियात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त कागदाला माहीत नाही.

तर मी सुरुवातीला एक ओळ घालते: "फागाउलीच्या सेमिसीची मुलगी." चालेल ना?

भाषांतराला घरातल्या एका जाणकाराची मदत घेते आहे. धोरण या शब्दावर आमचं कालपासून भांडण चाललंय.

तुझी,
एपेनेसा आत्या


अपिया, १० सप्टेंबर

तिनो,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. "एकही शब्द वाढवू नकोस. मी निष्पक्ष म्हणून येते आहे. त्या गावाशी माझा काही संबंध नाही." खाली तुझं पद, कंपनीचं नाव, फोन नंबर. आत्याला लिहिताना खाली पद लागतं का गं?

बरं, नाही वाढवणार. शब्द दिला. एपेनेसाला कुणी काही म्हणो, शब्द मोडणारी नाही मी.

पण तू पुढे विचारलं आहेस, "जाणकार कोण?" तू हुशार आहेस, तुला वास आलाच. तर सांगून टाकते, आरडाओरडा करू नकोस. तुझा बाप माझ्याकडे राहतो.

तुला वाटतं तो अजून पलीकडच्या बेटावर केळी लावतो आहे. तो तिथून मागच्या वर्षीच आला. गुडघे गेले त्याचे, चढ चढवत नाही. मीच घेऊन आले. मागची खोली त्याला दिली आहे. तुला कळवलं नाही, कारण तुझा फोन आला की मी त्याचं नाव काढायच्या आत तू हवामानावर येतेस.

तर त्यानं तो कागद वाचला. मी मुद्दाम दाखवला नव्हता, टेबलावर होता, आणि मुद्दाम लपवलाही नव्हता. चष्मा लावून उभ्यानंच वाचला. मग बसून वाचला. मग मला विचारलं, "ही लंडनला कधी गेली?" मी म्हटलं, "जेव्हा गेली तेव्हा गेली." म्हणाला, "थंडीचं काय केलं तिनं?" मी काय सांगणार? मला तरी कुठे माहीत आहे!

तिनो, तुझ्या बापाला तुझं सगळं आयुष्य कळलं ते या एका पानावरून. ते पानही तू दुसऱ्यांसाठी लिहिलेलं.

तुला वाटेल मी त्याची बाजू घेते आहे. मुळीच नाही. भाऊ आहे म्हणून जेवायला घालते, पण शहाणा म्हणत नाही. त्यानं केलं ते तुला आईकडून कळलं असेल, आणि आई चिडलेली होती. माझ्याकडून ऐक, मी पण चिडलेलीच आहे, पण मला वेळ जास्त मिळालाय.

तू बारा वर्षांची होतीस तेव्हाही असाच धक्क्याचा प्रश्न होता. आपल्या गावाला की वाइलोतोला? सेमिसी नियोजन खात्यात अर्थतज्ज्ञ. गावात तो मुखियांपैकी एक, सभाघरात त्याचा स्वतःचा खांब, त्या खांबाला पाठ टेकून बसायचा मान. गावानं ठरवलं, सरकारला अर्ज करायचा. अर्ज कोण लिहिणार? शिकलेला तो. मग त्यानं लिहिला, आणि असा लिहिला की गावातर्फे बोलणारा मातागीसारखा जुना वक्ताही म्हणाला, "आता धक्का आलाच समजा." तोच अर्ज खात्यात गेला, आणि तपासायला कुणाच्या टेबलावर आला? सेमिसीच्या. त्यानं पाण्याची खोली मोजली, खर्च मांडला आणि लिहिलं: वाइलोतो.

हिशेब बरोबर होता, अजूनही कुणी चूक म्हणत नाही. पण तो मधले सगळे महिने दर सोमवारी सभाघरात आपल्या खांबाशी बसत होता, सगळ्यांबरोबर एकाच वाटीतून मुळांचा आवा पीत होता, लोक धक्क्याची स्वप्नं रंगवत होते आणि हा ऐकत होता. एकदाही बोलला नाही की बाबांनो, हा कागद माझ्याकडेच आलाय, मला यातून वगळा. मी नंतर विचारलं, "अरे, तोंड शिवलं होतं का तुझं?" तर म्हणतो, "ऑफिसात मी गावचा नव्हतो आणि गावात मी ऑफिसचा नव्हतो." आता या माणसाला काय म्हणावं?

निकालाच्या कागदावर त्याची सही गावानं पाहिली आणि त्याच सोमवारी त्याला गावाबाहेर काढलं. नदीवरचा पूल ओलांडायचा नाही. बायको-मुलीलाही नाही. मी लग्न होऊन दुसऱ्या गावची झाले होते म्हणून सुटले. नकाराबद्दल नाही काढलं त्याला. गप्प बसल्याबद्दल काढलं.

पुढचं तू बघितलंस. आई तुला घेऊन ब्रिस्बेनला गेली. तो गेला नाही. "बोलावतील," म्हणायचा. "दोन वर्षांत बोलावतील." अजून तो खांब रिकामाच आहे. दुसऱ्या कुणाला त्यांनी तिथे बसवलं नाही, आणि याला बोलावलंही नाही.

त्यानं त्या खांबासाठी तुला सोडलं, असं तू एकदा म्हणाली होतीस. मी तेव्हा तुझ्यावर ओरडले होते.

आत्या


अपिया, २४ सप्टेंबर

तिनो,

भाषांतर दिलं मंत्रालयात. एक शब्द वाढवला नाही. एक शब्द गाळला मात्र, ॲलिस्टरचा कुत्रा. त्याबद्दल काय शिक्षा करायची ती कर.

तुझ्या "धोरणात्मक सल्लागार"चं आम्ही "राज्याला वाट सुचवणारी" केलं. सेमिसीनं सुचवलं. मी "डोकं चालवून पैसे घेणारी" म्हटलं होतं, तर तो माझ्यावर रुसला. इथे सध्या ऑक्टोबरच्या मुलांच्या रविवारची तयारी चाललीय, घरोघरी पोरं पांढऱ्या कपड्यांच्या नादात आणि बायबलातली वचनं पाठ करण्यात गुंतलेली. शेजारची पोर सकाळी अंगणात घोकत असते, आणि माझ्या मागच्या खोलीत हा म्हातारा घोकत असतो, "कॅनबेरा इथून पदवी, लंडन इथून डॉक्टरेट, खजिना खात्यात कनिष्ठ विश्लेषक, मग वरिष्ठ विश्लेषक." परवा कोको ओतताना मला म्हणतो, "कनिष्ठची वरिष्ठ ही फार लवकर झाली, लक्षात आलं का तुझ्या?" मी म्हटलं, "आलं बाबा, पाचव्यांदा आलं."

तू लिहिलंस की नियमांप्रमाणे तुला काही जाहीर करायची गरज नाही, कारण तुझी जमीन तिथे नाही, घर नाही, वडिलांशी संपर्क नाही. सगळं खरं आहे. वकिलाला दाखवलंस तर तोही मान डोलावेल. मीही वाणिज्य शिकवलंय, हितसंबंध कशाला म्हणतात ते मला कळतं.

पण आता मी जे लिहिते ते नीट वाच, मग हवं तर महिनाभर बोलू नकोस माझ्याशी.

तू आपल्या परिचयात जे गाळलंस, तेच तुझ्या बापानं सभाघरात गाळलं होतं. अगदी तेच. तो खात्याचा होता आणि गावात ते बोलला नाही. तू गावची आहेस आणि आयोगात ते बोलत नाहीस. बाजू फक्त उलटी आहे. तुला वाटतं तू त्याच्यासारखी नाहीस, म्हणून तू त्याचं नाव टाकत नाहीस. अगं वेडे, नाव न टाकल्यामुळेच तू हुबेहूब त्याच्यासारखी झाली आहेस!

गावाला तुझा चेहरा बघताच कळणार आहे. तुझं कपाळ आमच्या घरातलं आहे, ते कॅनबेरात बदलत नाही. ते सगळे तुझ्यासमोर चटईवर बसतील, तुला पाहुणी म्हणून नारळाच्या दुधातली पालुसामी वाढतील, आणि मनात म्हणतील, बापासारखीच गप्प बसली. मग धक्का त्यांना दे नाहीतर वाइलोतोला दे. दिलास तर म्हणतील बापाचं पाप धुतलं. नाही दिलास तर म्हणतील रक्तच तसलं. दोन्ही वेळेला तुझ्या लंडनच्या डॉक्टरेटला कुणी विचारणार नाही. आणि सेमिसीला कुणी कधीच परत बोलावणार नाही, कारण मग गप्प बसणारे एकाचे दोन झाले.

मी चिडून लिहिलंय. पुसत नाही.

त्याला फक्त तुझा परिचय गावात वाचला जाताना ऐकायचा आहे. मला म्हणाला, "पुलाच्या अलीकडे बसच्या थांब्यावर बसलो तर ध्वनिक्षेपकाचा आवाज येईल का?" मी म्हटलं, "गप्प बस, कुठे जायचं नाही." तेव्हा तू काळजी करू नकोस, आम्ही कुणी येणार नाही.

आत्या


अपिया, ६ ऑक्टोबर

तिनो गं,

तू काल रात्रीच्या विमानानं गेलीससुद्धा. निदान फोन करून गेलीस. फोनवर आपण दोघी नुसत्या रडलो, बोललो काहीच नाही. म्हणून लिहिते.

आधी कबुली. आम्ही येणार नाही असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. गुरुवारी पहाटेच्या बसनं दोघंही आलो. मी मागच्या बाजूला गावातल्या बायकांत बसले होते, हिरव्या कपड्यांत, तू मला शेवटी ओळखलंस. सेमिसी पुलाच्या अलीकडे, थांब्यावरच्या बाकावर. बरोबर छत्री आणि शिजवलेला तारोचा कंद. मी म्हटलं होतं, "पूल ओलांडलास तर माझ्या घरी परत येऊ नकोस." तो म्हणाला, "मला कायदा शिकवू नकोस."

तू जे केलंस ते तुला माहीत आहे, पण आमच्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुला माहीत नाही. तू पाहुण्यांच्या चटईवर पाय दुमडून बसलीस तेव्हाच माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "ही तर सेमिसीची." दुसरी म्हणाली, "गप, कागदात तसं नाही." मंत्रालयाच्या मुलानं परिचय वाचले. तुझा वाचताना तो दोनदा अडखळला, मला तर उठून त्याच्या हातातून कागद घ्यावासा वाटला. मातागी स्वागताला उभा राहिला. किती थकलाय तो! टोंगावाल्याच्या बेटाला त्यानं मान दिला, ॲलिस्टरच्या देशाला दिला, आणि तुझ्यापाशी आल्यावर नुसतं म्हणाला, "आणि कॅनबेराहून आलेल्या बाई." सगळं सभाघर खाली बघत होतं. मुद्दाम केलं ना त्यानं. दार उघडून ठेवून बाजूला झाला.

आणि मग तू उभी राहिलीस.

पोरी, तुझी सामोअन भाषा बारा वर्षांच्या मुलीची आहे. जिथे थांबली तिथेच आहे. मुखियांशी बोलायची आदराची भाषा तुला येत नाही, तू शाळेच्या अंगणातली भाषा बोललीस. "मी सेमिसीची मुलगी. मी या गावची आहे. म्हणून या गावाच्या धक्क्याबद्दल मी काही ठरवणार नाही. हे दोघं ठरवतील. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं." बस, एवढंच. एरवी कुणी मोठं माणूस मुखियांपुढे असं बोललं असतं तर त्याला दंड झाला असता. पण कुणी हसलं नाही. मातागीनं डोळे मिटून घेतले.

मग तू पाहुण्यांच्या चटईवरून उठलीस, आणि कुठे जावं ते तुला कळेना. तेवढ्यात माझ्या शेजारची म्हातारी ओरडली, "ए, सरका गं जरा! सेमिसीच्या पोरीला बसू दे." त्या सभाघरात त्याचं नाव इतक्या वर्षांनी गावातल्या कुणी मोठ्यानं घेतलं असेल तर त्या म्हातारीनं. तू आमच्यात येऊन बसलीस, गावच्या मुलींच्या जागेवर.

सगळे काही खूश झाले असं समजू नकोस. बाहेर आल्यावर तरुण पोरं कुरकुरत होती, "एक आपली होती आयोगात, तीही उठून गेली. आता धक्का परत वाइलोतोला." धक्क्याचं काय व्हायचं ते होईल. ॲलिस्टर आणि टोंगावाला बघतील. ॲलिस्टर बरा माणूस वाटला, त्यानं कुत्र्याचा फोटो दाखवला मला.

तुमची गाडी पुलावरून गेली तेव्हा तू मागच्या काचेत खाली मान घालून बसली होतीस. थांब्यावर एक म्हातारा छत्री धरून उभा होता. तू पाहिलं नाहीस. त्यानं हात वर केला होता, पण अर्धाच.

मी पूल ओलांडून त्याच्याकडे गेले. त्यानं आधी विचारलं, "वरिष्ठ विश्लेषक नीट म्हणाला का तो? मला आवाज आला पण शब्द नाही आले." मी म्हटलं, "नीट म्हणाला." मग तू काय बोललीस ते सांगितलं. त्यानं तारोची पुडी बाकावर ठेवली. मग म्हणाला, "कामाला सुरुवात व्हायच्या आधी सांगितलं, की नंतर?"

"आधी. सगळ्यांत आधी."

"मग बरोबर केलं तिनं," म्हणाला. आणि तोंडावर छत्री धरून रडला. उन्हात, भर रस्त्यात. बसवाला पाच मिनिटं हॉर्न न वाजवता थांबला.

आत्या


अपिया, १६ ऑक्टोबर

तिनो,

बस. पाणी पी. मग वाच.

शनिवारी दुपारी मातागी स्वतः माझ्या घरी आला. बरोबर दोन माणसं. ओसरीवर बसला, कोको घेतला, माझ्या कोंबड्यांची चौकशी केली, पावसाची केली, माझ्या गेलेल्या नवऱ्याची आठवण काढली. मी आतून म्हणत होते, अरे मुद्द्यावर ये ना बाबा. सेमिसी मागच्या खोलीत दार लावून बसला होता, बाहेर येईना. शेवटी मातागी दाराकडे बघून म्हणाला, "सोमवारी सभा आहे. एका खांबाला पाठ टेकायला माणूस नाही. वाळवी लागते अशा खांबाला." एवढंच म्हणाला आणि उठला.

मी दार ढकललं तर हा आपला कपाटातून कमरेला गुंडाळायचा जुना लावालावा काढून झटकत होता.

परत यायचं तर गावाला जेवण घालावं लागतं, ते तुला आठवत असेल. डुक्कर मी दिलं, माशांचे डबे चर्चच्या बायकांनी जमवले, आणि गावाला भेट द्यायला माझ्या लग्नातली बारीक विणीची चटई मी काढली. ती मी तुझ्या लग्नासाठी ठेवली होती, पण तू काही लग्नाचं मनावर घेत नाहीस.

काल सोमवार. पुलावर तो थांबला. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाला, "गुडघा." गुडघा बिडघा काही नाही. मी त्याला कोपरानं ढकललं. गेला.

खांबाशी बसला. पाठ टेकली. आवा आला, प्यायला. कुणी जुनं काही काढलं नाही, आणि त्यानंही काढलं नाही. मला वाटलं होतं तो माफी मागताना लांबलचक भाषण करील. मातागी म्हणाला, "सेमिसी, पाहुणी आली होती, तिची ओळख मंत्रालयाच्या पोरानं नीट करून दिली नाही. तू कर."

आणि तिनो, त्यानं केली. कागद न घेता. कॅनबेरा, लंडन, खजिना, कनिष्ठ, वरिष्ठ, बंदरांच्या भाड्यावरचं पुस्तक, राज्याला वाट सुचवणारी. मुलांच्या रविवारी चर्चमध्ये पोरं म्हणतात तसं, हात बाजूला धरून, नजर समोर. एकही शब्द सोडला नाही. शेवटी थांबला. सगळे वाट बघत होते. मग त्यानं तुझं गाव सांगितलं, आणि बापाचं नाव सांगितलं, आणि खाली बसला. मागच्या बायकांत मी एकटी नव्हते रडणारी, त्या म्हातारीनं माझा खांदा ओला केला.

घरी आल्यावर त्याला म्हटलं, "आता तरी पोरीला चार ओळी लिही." रात्रभर तो पेन घेऊन बसला होता. "मुलीला कसं लिहितात?" म्हणे. शेवटी म्हणाला, "मला तिचं जसं कळलं, तसंच तिला माझं कळू दे." आणि हा कागद दिला. खाली जसाच्या तसा टंकून पाठवते. एक शब्द वाढवलेला नाही.

तुझी आत्या


परिचय

सेमिसी, गाव फागाउली.

सेमिसी यांनी फिजीतल्या सुवा इथल्या विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर सामोआ सरकारच्या नियोजन खात्यात दीर्घ काळ काम. रस्ते, पाण्याच्या टाक्या आणि धक्के यांच्या खर्चाचा अभ्यास. गावाचा अर्ज आणि गावाचा नकार, दोन्ही त्यांनीच लिहिले, आणि हे योग्य वेळी सांगितलं नाही.

पुढे केळी आणि तारो यांची लागवड. यात विशेष यश नाही.

पत्नी आणि मुलगी ब्रिस्बेनला गेल्या त्या दिवशी ते विमानतळावर होते, कुंपणाबाहेर. मुलीनं मागे वळून पाहिलं नाही. त्यात तिची चूक नाही. ते आले आहेत हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांना सायकल येत नाही. कोको चांगला करतात.

अपत्य एक, डॉ. फुआतिनो. त्यांनी जे काम करायला हवं होतं ते तिनं केलं.

संपर्क: थोरल्या बहिणीचं घर, मागची खोली. सोमवारी गावाच्या सभेला जातात. बाकी सगळे दिवस घरी असतात, आणि फोन स्वतः उचलतात.